पुलावरून जाणाऱ्यांनो, खाली पणजी आहे

महाराष्ट्रातून गोव्याला येणाऱ्या समस्त पर्यटक मंडळींस,

पणजीच्या मळा या भागातून एका निवृत्त ड्रॉइंग मास्तरचा सप्रेम नमस्कार.

गेल्या डिसेंबरात माझ्या पुण्याच्या भाच्याने मांडवीवरच्या अटल सेतूवरून जाता जाता एक व्हिडिओ काढून मला पाठवला. खाली लिहिलं होतं, 'मामा, तुमची पणजी!' व्हिडिओ ४० सेकंदांचा. त्यात पुलाच्या पिवळ्या केबली, आभाळ, मांडवी, कॅसिनोच्या बोटी आणि कोपऱ्यात थोडी लाल कौलं. तेवढ्यात पणजी संपली. संध्याकाळी फोन केला तेव्हा मंडळी पाळोळ्याला पोचून मासे खात होती. म्हणाला, "मामा, या खेपेला वेळच नव्हता हो. पुढच्या वेळी नक्की." हे 'पुढच्या वेळी नक्की' मी २०१९ च्या जानेवारीत तो पूल झाल्यापासून दर सुट्टीत ऐकतो आहे. त्याआधी निदान वाहनांच्या रांगेत अडकून का होईना, पण तुम्हाला अर्धा तास पणजीकडे बघत बसावं लागायचं.

भाच्याला एकट्याला चार शब्द लिहिणार होतो. पण तो वाचायचा नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही इतके हजारो येता, तुमच्यातलं कुणीतरी वाचेल.

तर ऐका. पणजी राजधानी असली तरी आकाराने तुमच्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढीच. २०११ च्या जनगणनेत शहराच्या हद्दीत जेमतेम ४० हजार माणसं मोजली गेली. पाटोच्या पुलावरून सकाळी निघालात तर रमतगमत, दोनदा चहा घेऊन, जेवणाच्या आत कांपालला पोचता. डोंगर एक, आल्तिनो. नदी एक, मांडवी. दोन्हींच्या मध्ये चुकायला म्हणून जागा नाही.

"पण तिथे बघायचं काय?" हा तुमचा ठरलेला प्रश्न. माझं उत्तरही ठरलेलं आहे: चौथरे. लोकांना वाटतं, मास्तर थट्टा करतायत. शाळेत ३० वर्षं मुलांना चित्रं काढायला शिकवलं. पुतळा काढा म्हटलं की पोरं डोक्यापासून सुरुवात करायची आणि पायाशी येईपर्यंत कागद संपायचा. चौथरा कागदाबाहेर. मी विचारायचो, अरे, हा माणूस उभा कशावर आहे? पणजीत हिंडताना तुम्हीही तेवढंच विचारत चला.

सुरुवात बागेपासून करा. चर्चच्या पांढऱ्या, नागमोडी पायऱ्यांचा फोटो तुम्ही काढताच; तो काढून झाला की पाठ फिरवून खाली या. समोरच म्युनिसिपालिटीची बाग आहे. मधोमध एक उंच खांब दिसेल. वास्को द गामा हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला त्याला ४०० वर्षं झाली म्हणून १८९८ साली तो उभारला. टोकावर अर्थातच वास्को होता. आता तिथे अशोकस्तंभावरचे सिंह आहेत. खांब तोच आहे. बागेतल्या बाकांवर म्हातारे बसलेले असतात, बँडस्टँडभोवती पोरं पळत असतात, आणि वर कोण आहे नि आधी कोण होता याची पंचाईत कुणी करत नाही.

पण या बागेला ज्याचं नाव आहे त्याची पंचाईत जरूर करा. गार्सिया द ओर्ता. पोर्तुगालहून आलेला वैद्य. इथल्या वैद्य-हकिमांशी बोलून, मसाले आणि औषधी वनस्पती स्वतः पारखून त्याने एक ग्रंथ लिहिला, आणि तो १५६३ साली इथेच, गोव्यात छापला गेला. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा दहा वर्षंही झालेली नव्हती, फार तर सात. सगळा ग्रंथ संवादाचा आहे: एक पाहुणा वैद्य विचारतो, ओर्ता उत्तर देतो. आंबा, हळद, चिंच, मिरी, भांग, सगळ्यांची त्यात हजेरी. युरोपातल्या जुन्या पंडितांनी जे न बघता लिहून ठेवलं होतं त्याला हा गोव्यात बसून सांगतो की बाबांनो, मी प्रत्यक्ष बघितलं आहे, ते तसं नाही. मला हा माणूस फार आवडतो. चित्रकलेच्या तासाला मी मुलांना नेमकं हेच सांगायचो, आठवणीतून पान काढू नका, झाडाकडे बघून काढा.

त्याचं पुढे काय झालं तेही ऐका. ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला, सक्तीने ख्रिस्ती झालेल्यांपैकी. तो १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशी न्यायालयाने, जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्ताचीसुद्धा हाडं उकरून काढून जाळली. म्हणजे या गावात त्याची समाधी असणं शक्यच नाही. बाग आहे. तिथे पाच मिनिटं बसा, एवढंच माझं म्हणणं. बाकावर जागा असते.

तिथून चालत आझाद मैदानावर या. मधोमध खांबांचा एक मंडप आहे. खांब जरा निरखून बघा, पणजीच्या मानाने ते जास्तच ऐटदार आहेत, कारण ते पणजीचे नाहीतच. जुन्या गोव्यात पडझड झालेल्या चर्चचे खांब आणून हा मंडप बांधला, आणि त्यात अफोन्सो द अल्बुकर्कचा पुतळा उभा केला. १५१० मध्ये आदिलशहाकडून गोवा घेतला तो अल्बुकर्क. गोवा मुक्त झाल्यावर पुतळा हलला. आज तो जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे, आणि मैदानात त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे, ज्यांनी १९२८ साली गोवा काँग्रेस समिती काढली आणि त्यापायी पोर्तुगालच्या तुरुंगात दिवस काढले. गंमत अशी की खांब जुन्या गोव्याहून पणजीला आले, आणि ज्याच्यासाठी आणले तो मात्र पणजीहून जुन्या गोव्याला गेला.

मैदानासमोरच मेनेझिस ब्रागांझा संस्थेची इमारत. प्रवेशदालनात पाऊल टाकलंत की भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांची मोठमोठी चित्रं. आझुलेज म्हणतात यांना. पोर्तुगालचा नामांकित फरशी-चित्रकार जॉर्ज कोलासो याने केलेली, १९३५ सालची. विषय कोणता? वास्को द गामाची सफर आणि पोर्तुगीजांच्या पराक्रमाचं महाकाव्य. आणि संस्थेला नाव कुणाचं? लुईश द मेनेझिस ब्रागांझा यांचं. पोर्तुगीज राज्यात राहून, पोर्तुगीज भाषेतच, त्या राज्याला वर्तमानपत्रातून खडे बोल सुनावणारे संपादक. पूर्वी याच संस्थेचं नाव वास्को द गामा संस्था असं होतं. दारावरचं नाव बदललं, भिंतीवरची चित्रं ठेवली. मी त्या फरशांपुढे मुलांना कैक वेळा उभं केलं आहे. एकच रंग, निळा. पाणी जितकं जास्त तितका तो फिका. एवढ्यावर समुद्र, ढग, चिलखत, घोड्याची मान, सगळं काढलेलं. नंतर शाळेत येऊन पोरं आठवडाभर फक्त निळ्या रंगात चित्रं काढायची आणि त्यांच्या आया शर्टावरच्या डागांसाठी माझ्या नावाने बोटं मोडायच्या.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याच्याकडे येतो.

नदीकाठी जुनं सचिवालय आहे, आदिलशहाचा वाडा. कॅसिनोसाठी तुम्ही ज्या धक्क्यावर रांग लावता तिथून हाकेच्या अंतरावर. त्या वाड्याच्या बाजूला एक काळसर ब्राँझचा पुतळा आहे. झग्यातला एक पाद्री, दोन्ही हात पुढे पसरून ओणवलेला, आणि त्याच्या हातांखाली मागे कलंडत जाणारी एक बाई. एकदा एक गृहस्थ आपल्या मुलाला सांगत होते, "बघ, गळा दाबतोय." मी न राहवून जवळ गेलो आणि पुढचा पाऊण तास त्या कुटुंबाला सोडलं नाही. त्यांची जेवणाची वेळ माझ्यामुळे टळली, त्याबद्दल आज जाहीर क्षमा मागतो.

हा आबे फारिया. जुझे कुस्तोदियो द फारिया, जन्म कांदोळी, १७५६. आईवडिलांचं पटेना, म्हणून वडील पाद्री झाले आणि आई जोगीण होऊन मठात गेली. बाप लेकाला घेऊन लिस्बनला निघाला, तेव्हा पोरगा पंधरा वर्षांचा. गोव्यातल्या प्रत्येक पोराला ठाऊक असलेली गोष्ट अशी सांगतात: फारियाला पोर्तुगालच्या राणीपुढे प्रवचन करायची पाळी आली. वर चढला, समोर सगळा दरबार बघितला आणि त्याची जीभ टाळूला चिकटली. बाप खाली बसला होता. त्याने आपल्या बोलीत हळूच म्हटलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी!" पोरगा भानावर आला आणि घडाघडा बोलू लागला. गोष्ट खरी की रचलेली, यावर वाद घालणारे घालोत. वर्गात फळ्यापुढे येऊन थरथर कापणाऱ्या पोरांना मी मात्र आयुष्यभर तिचाच डोस दिला.

पुढे हा पॅरिसला गेला. १८१३ पासून तिथे जाहीर व्याख्यानं देऊन माणसं झोपवू लागला. त्या काळी असं मानत की झोपवणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकासारखी शक्ती निघते आणि समोरच्याला लागते. फारिया म्हणाला, माझ्यात शक्तीबिक्ती काही नाही. जे काही घडतं ते झोपणाऱ्याच्याच मनात घडतं, मी फक्त सुचवतो. संमोहनाच्या आजच्या विचारांचं मूळ तिथे आहे. त्याची पॅरिसकरांनी टिंगल केली, रंगभूमीवर नक्कल केली. १८१९ मध्ये तो वारला तेव्हा जवळ फारसं काही नव्हतं.

पुतळा घडवला तो मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी, १९४५ मध्ये. तारीख ध्यानात घ्या. राज्य पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचं. सभा घ्यायला बंदी, वर्तमानपत्राला सेन्सॉर. पुढच्याच वर्षी १८ जूनला मडगावात लोहियांनी ती बंदी मोडली. ज्या '१८ जून' रस्त्यावर तुम्ही काजू आणि बेबिंका घेता, तो त्या दिवसाच्या नावाचा. अशा काळात राजवाड्याच्या शेजारी एका कांदोळीच्या माणसाचा पुतळा, मडकईच्या माणसाने केलेला. त्याच्या हातात तलवार नाही की क्रूस नाही, फक्त पसरलेली बोटं. मागून फिरून बघा: झग्याच्या चुण्या सगळ्या एका दिशेला ओढल्या गेल्या आहेत, जणू वारा त्याच्या पाठीतून निघून बाईकडे चालला आहे. बाईचं वजन मात्र उलट बाजूला. दोघांच्या मधली जी रिकामी जागा आहे तिच्यात तो सगळा पुतळा आहे. १९६१ नंतर वास्को उतरला, अल्बुकर्क गेला. फारियाला कुणी हात लावला नाही. लावायचं कारणही कुणाला सुचलं नसावं.

दमलात? मग बाजारात जा. पातळभाजी आणि पाव खा (कातर रे भाजी!). भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांदांची चित्रं रंगवलेली आहेत, कोळणी, पोदेर म्हणजे पाववाले, गिटारवाले, पोटं सुटलेले भाटकार म्हणजे जमीनदार. चित्रातल्या बायकांसमोर खऱ्या बायका त्याच पोजमध्ये भाजी विकत असतात. तिथे फोटो काढायचा तर आधी विचारून काढा आणि चार लिंबं तरी विकत घ्या.

मळा आणि फोंताइन्यास हे माझे भाग, म्हणून त्यांच्याबद्दल जरा कडक बोलणार आहे. पिवळी, निळी, गेरूच्या रंगाची घरं, दारावर फरशीत भाजलेलं घराचं नाव, गल्लीच्या कोपऱ्यावर फरशीचीच पाटी: ते सगळं बघण्यासारखं आहे, ये-जा करणाऱ्यांसाठीच ते लावलेलं आहे. पण पायऱ्या घरमालकाच्या आहेत. सकाळी सात वाजता लग्नाआधीचं फोटोशूट करायला कुणी नवरानवरी माझ्या शेजारणीच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, चढून बसतात. म्हातारी दूध घ्यायला दार उघडते ती थेट त्यांच्या फोटोत. काही घरांवर 'फोटो काढू नये' अशा पाट्या लागल्या आहेत. मग त्या पाटीचाच फोटो काढतात! भिंत बघा, रंग बघा, पाटी वाचा आणि पुढे चला. गल्लीच्या टोकाला सां सेबास्तियांवचं छोटं कपेल आहे. उघडं असेल तर आत जा. तिथल्या क्रूसावरच्या ख्रिस्ताची मान खाली पडलेली नाही आणि डोळे मिटलेले नाहीत. हा क्रूस पूर्वी जुन्या गोव्यात इन्क्विझिशनच्या वाड्यात होता. चौकशीला आणलेल्याकडे तो टक लावून बघत असे, असं जुनी माणसं सांगत. गार्सिया द ओर्ताच्या बहिणीची गोष्ट तुम्ही सकाळी बागेत ऐकलेली असेल, तर त्या डोळ्यांकडे तुम्ही जरा वेगळ्या नजरेने बघाल.

कांपालबद्दल थोडक्यात. मोठमोठ्या झाडांची सावली, नदीचा वारा, फ्रान्सिस्को लुईश गोम्स यांच्या नावाची बाग, मुलांसाठी महावीर बालविहार. पोरं कंटाळली असली तर त्यांना इथे सोडा. मोठ्यांनी कला अकादमी बघावी, चार्ल्स कोरियांची. दरवाजा कुठे आणि अंगण कुठे सुरू होतं ते कळूच नये अशी ती इमारत आहे. रस्त्यावरून निघून तुम्ही नदीवर पोचता आणि मध्ये कुणी अडवत नाही. आतल्या नाट्यगृहाचं नाव दीनानाथ मंगेशकर कला मंदिर. त्याच्या भिंतींवर मारिओंनी खोटे सज्जे आणि त्यांत बसलेले प्रेक्षक रंगवले. नाट्यस्पर्धेला रात्र रात्र बसलो आहे तिथे. नाटक पडायला लागलं की आम्ही त्या रंगवलेल्या प्रेक्षकांकडे बघायचो. ते शेवटपर्यंत उठून गेले नाहीत.

एक गोष्ट राहिली. तुम्ही दिवाळीत येता, पण लक्ष्मीपूजन आटोपून. जमलं तर नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री पणजीत राहा. वाड्यावाड्यांतून पोरांनी दोन दोन आठवडे जागून केलेले नरकासुर रस्त्यावर उभे असतात. गवत, कागद, बांबू. काहींचे डोळे फिरतात, काहींची मान हलते. माझ्या वर्गात ज्यांना सरळ रेघ मारता आली नाही अशा पोरांनी केलेले दहा-दहा हात उंच नरकासुर मी बघितले आहेत, आणि प्रमाण कुठे चुकलेलं नसतं. पहाटे सगळे जाळून टाकतात. त्यांना चौथरा लागत नाही.

मागणं फार नाही. चार-पाच दिवसांच्या तुमच्या सहलीतली एक सकाळ द्या. गाडी शहरात आणू नका, ठेवायला जागा मिळणार नाही आणि मग राग पणजीवर काढाल. बेतीच्या बाजूला ठेवा आणि फेरीबोटीने या. पाण्यावरून येताना गाव जसं वर चढत जातं, आधी नदीकाठचा वाडा, मग कौलं, मग चर्चची घंटा, मग आल्तिनोची झाडी, तसं ते पुलावरून दिसत नाही. उतरलात की फारिया जवळच आहे.

मी रोज सकाळी साडेसहा ते आठ गार्सिया द ओर्ताच्या बागेत असतो, बँडस्टँडच्या बाजूच्या बाकावर. हातात वही असते. कुणी विचारल्याखेरीज बोलत नाही, आणि एकदा विचारलं की थांबत नाही, हे वर कबूल केलंच आहे.

आपला,
मळ्यातला ड्रॉइंग मास्तर
पणजी, गोवा

ता. क. दोना पावलाला तुम्ही जालच. तिथल्या खडकावरचा पांढरा जोड-पुतळा दोना पावला आणि तिच्या प्रियकराचा आहे, असं कुणी पैसे घेऊन सांगितलं तर ऐकून घ्या, गोष्ट बरी सांगतात. पण तो तिचा नव्हे. यर्सा फॉन लाइस्टनर या जर्मन शिल्पकार बाईंनी १९६९ साली केलेला आहे, आणि त्याचं नाव आहे 'भारताची प्रतिमा'. एक चेहरा एकीकडे बघतो आणि दुसरा दुसरीकडे. भाच्याचा त्याच्यापुढचा फोटो माझ्याकडे आहे. त्यातही तो मोबाइलकडे बघतो आहे.